हॅवरसाइनचं कूळ
चिलीच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला, पॅसिफिकच्या आग्नेय भागात ईस्टर बेट आहे. तिथला मातावेरी विमानतळ आणि सान्तियागो यांच्यामध्ये जवळजवळ सगळं पाणीच. हे अंतर दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून एका सूत्राने काढतात. उत्तर येतं सुमारे २०२५ सागरी मैल, म्हणजे ३७५० किलोमीटर. त्या सूत्राचं नाव हॅवरसाइन. नाव परकं वाटतं, पण कूळ आपल्या ओळखीचं आहे.

धनुष्य डोळ्यांसमोर आणा. वाकलेली काठी म्हणजे चाप, तिची दोरी म्हणजे ज्या आणि दोरीच्या मध्यापासून काठीपर्यंत पोचतो तो शर. आपल्या ज्योतिषगणिताने वर्तुळाला ही नावं दिली. इ.स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त अर्ध्या ज्यांची कोष्टकं आहेत, पुढे त्या अर्ध्या ज्येलाच ज्या म्हणू लागले. सूर्यसिद्धान्तात शराचंही कोष्टक आहे, तिथे त्याचं नाव उत्क्रमज्या.

अरबांकडे गेल्यावर ज्येचा ‘जीबा’ झाला. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर गाळले जातात, त्यामुळे पुढच्यांनी तो ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीजवळचा घोळ. खिशाला आपण जेब म्हणतो तो हाच शब्द. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झालं आणि त्यातून साइन आलं. शब्दांच्या इतिहासातली इतकी गोड चूक मला दुसरी माहीत नाही. उत्क्रमज्येला युरोपात व्हर्साइन म्हणतात.

१८३५ साली जेम्स इनमन यांनी खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात व्हर्साइनच्या निम्म्याला हॅवरसाइन हे नाव दिलं. कोष्टकं त्याआधीच, १८०५ साली, जेम्स अँड्र्यू यांनी छापली होती. अंतर कोसाइनच्या सूत्राने काढलं तर, ठिकाणं जवळ असली की कोसाइनचा आकडा १ला जाऊन चिकटतो आणि कोष्टकातले शेवटचे अंक हातून निसटतात. हॅवरसाइनमध्ये लहान अंतराला लहान आकडा येतो, शिवाय तो कधी ऋण होत नाही. डोलत्या जहाजावर, कंदिलाच्या उजेडात आकडेमोड करणाऱ्याला हा केवढा आधार! पुढे १९८४ साली रॉजर सिनॉट यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात संगणकासाठी याच सूत्राची शिफारस केली, तीही याच कारणासाठी.

अंतर मिळालं तरी वेळ वाऱ्याच्या हातात. विमानाचा हवेतला वेग ४९० नॉट, म्हणजे ताशी ४९० सागरी मैल, धरा आणि पश्चिमेकडून ६० नॉटचा वारा. बेटाकडे जाताना जमिनीवरचा वेग उरतो ४३०, म्हणजे पावणेपाच तास. परतताना तो होतो ५५०, म्हणजे पावणेचारपेक्षाही कमी. चढण्या-उतरण्याचा वेळ वेगळा. अंतर तेच, फरक तासाभराचा.

सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरची एक कला, अंशाचा साठावा भाग. १९२९ साली तो १८५२ मीटर ठरला. आर्यभटाच्या कोष्टकातही परीघ कलांतच मोजलेला आहे, २१६०० कला, आणि त्यावरून वर्तुळाची त्रिज्या येते ३४३८. पृथ्वीची सरासरी त्रिज्या सागरी मैलांत मोजली तर ३४४० भरते.