वाचलेल्या माणसामागचा रस्ता

परभणी जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत रस्त्यावर मोठा अपघात झाला आणि घरातला माणूस त्यातून उठला, की सगळं गाव एकच बोलतं: दैव बलवत्तर होतं. घरचे नवस फेडतात, दर्ग्यावर चादर चढते, जनाबाईच्या गंगाखेडला गोदावरीत दिवा सोडला जातो. या भावनेविषयी मनात आदर ठेवूनच मला म्हणायचं आहे, की सगळं दैवाच्या खाती टाकलं तर एक मोठा हिशोब बुडतो. या जिल्ह्यात अपघातातून वाचण्याला स्वतःचा इतिहास आहे. आधी रस्ते आले, मग त्या रस्त्यांवर हिवाळ्याचा जड माल आला, आणि जखमीला उचलून दवाखान्यात पोचवणारी सरकारी व्यवस्था सगळ्यांच्या मागून आली. मधल्या कित्येक दशकांत ती व्यवस्था म्हणजे जखमीचे नातेवाईक आणि वाटेने जाणारे अनोळखी लोक. जे वाचले त्यांतले पुष्कळ जण या माणसांनी वाचवलेले आहेत, आणि जे गेले त्यांतले पुष्कळ जण अंतराने आणि उशिराने नेलेले आहेत.

अपघातांच्या संदर्भात हिवाळा म्हटलं की उत्तरेकडचं दाट धुकं आठवतं. मराठवाड्याचा हिवाळा तसा नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा 10 अंशांच्या खाली जातो, एखाद्या वर्षी 5 च्याही खाली उतरतो. गोदावरी, दुधना आणि कालव्यांच्या काठी पहाटे धुकं पडतं, पण ऊन चढलं की विरतं. इथे हिवाळा धोक्याचा ठरला तो शेतीच्या पंचांगामुळे. काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळ्यात गाडीवाटा चिखलात रुतायच्या, चाकं आसापर्यंत जायची. दसऱ्यानंतर जमीन आवळली की माणसं, माल आणि जनावरं एकदम बाहेर पडायची. सेलू आणि मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. मग लग्नसराई, जत्रा, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हा कापसाच्या या बैलगाड्यांना स्टेशन हे ठिकाण मिळालं. 1932 मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने 27 बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. त्या काळी बैलगाडीच्या साट्याखाली टांगलेला कंदील पुरायचा, कारण मागून येणारं वाहनही बहुधा बैलगाडीच असायचं.

हे गणित बदललं पाण्याने. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं, आणि पुढे डाव्या कालव्याचं पाणी पाथरी, मानवत, परभणीकडच्या शिवारात आलं. ज्वारी आणि कापसाच्या जिल्ह्यात ऊस उभा राहिला, त्यामागे कारखाने आले. कारखान्याचा बॉयलर दिवाळीच्या आगेमागे पेटतो आणि गाळप उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत लांब रात्री नेमक्या याच हंगामात येतात. डिसेंबरच्या अखेरीस परभणीत पावणेसहा वाजून गेले की सूर्य मावळतो आणि सात वाजायला आले की उगवतो. रात्र 13 तासांची. फडात तोड पहाटे सुरू होते, दुपारनंतर मोळ्या भरल्या जातात, आणि बैलांची टायरगाडी किंवा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याला लागतो तेव्हा अंधार पडलेला असतो. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे वाढ्यांसकट बाहेर आलेला असतो, त्यामुळे मागचा दिवा असला तरी झाकला जातो. वाळलेल्या पाचटाचा रंग आणि रात्रीच्या डांबरी रस्त्यालगतच्या गवताचा रंग यांत फरक कळत नाही. आता ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल घ्या. समोर काही आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी गाडी 25 मीटर पुढे जाते, आणि ब्रेक नीट लागला तरी थांबायला आणखी वीसेक मीटर हवेत. खाली वळवलेल्या दिव्याचा उजेड जेमतेम तेवढाच पोचतो. समोरून दुसऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर आला, तर तेवढाही नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, की चालवणारे बेफाम चालवतात, दारू पितात, हेल्मेट घालत नाहीत. यात खोटं काहीच नाही. परळीचे गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड मजुरांसाठी आयुष्यभर लढे दिले. 3 जून 2014 रोजी दिल्लीत त्यांच्या मोटारीला धडक बसली. ते मागच्या आसनावर होते, आणि पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाच्या केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी नंतर सांगितलं. देशातलं नावाजलेलं ट्रॉमा सेंटर जवळ असूनही ते गेले. म्हणजे उपचार जवळ असला की माणूस वाचतोच असं नाही, आणि स्वतःची काळजी स्वतः घेण्याला पर्याय नाही. पण चूक करणारे चालक तर बाराही महिने रस्त्यावर असतात. त्या चुकीसमोर काही टन ऊस घेतलेली, दिसेनाशी झालेली गाडी उभी करण्याचं काम हंगाम करतो. माणूस चुकणारच हे धरून रस्ता, वाहन आणि दवाखाना यांची रचना करायची असते. आपण मात्र चूक झाली की रचनेकडे बघायचंच सोडून देतो.

आता जखमीच्या बाजूने पाहू. हैदराबाद संस्थान भारतात आलं 1948 मध्ये, आणि मराठवाड्याला पहिलं वैद्यकीय महाविद्यालय मिळालं 1956 मध्ये, तेही औरंगाबादला. अंबाजोगाईचं आलं 1974 मध्ये, नांदेडचं 1988 मध्ये. परभणीहून नांदेड सुमारे 75 किलोमीटर, औरंगाबाद जवळपास 200. डोक्याला मार लागलेल्या किंवा पोटात रक्तस्राव होणाऱ्या माणसासाठी ही अंतरं फार लांबची होती. जिल्ह्याच्या गावी प्रथमोपचार व्हायचे, टाके पडायचे, सलाईन लागायची, आणि पुढे हलवा असं लिहिलेला कागद नातेवाइकांच्या हातात यायचा. मग वाहन शोधायचं. गावातून जखमी बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलेला असे. पुढे जीप, टेम्पो, कधी एसटी, कधी ज्या ट्रॅक्टरशी धडक झाली तोच ट्रॅक्टर. मानेखाली आधार द्यायचा असतो, कण्याला वाकवायचं नसतं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तरीही त्या माणसांनी जे केलं ते कमी लेखायची माझी तयारी नाही. उसन्या पैशांवर, रात्री, थंडीत, दर दहा मिनिटांनी जखमीला हाक मारत त्यांनी ही अंतरं कापली.

थंडीचा खरा वाटा इथे येतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. रक्त गेलेल्या माणसाचं शरीर स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. रक्त वाहत राहतं, पेशींना प्राणवायू कमी पडून शरीरात आम्ल साठतं, त्याने रक्त आणखी गोठेनासं होतं. शल्यविशारद या तीन गोष्टींच्या साखळीला प्राणघातक मानतात. बाहेर 8 अंश असताना उघड्या डांबरावर, रक्ताने ओल्या कपड्यांत तासभर पडलेला माणूस या साखळीत सापडतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. म्हणून कुणीतरी पळत जाऊन घरातली गोधडी आणली आणि जखमीच्या अंगाखाली एक, अंगावर एक घातली, ही मायेची कृती तर होतीच, पण वैद्यकाच्या कसोटीवरही ती बरोबर होती. वाकळ-गोधडीच्या या मुलखात असे किती जीव तगले असतील याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

अनोळखी माणसाने थांबावं अशी अपेक्षा करताना त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं होतं, तेही पाहिलं पाहिजे. पंचनामा, जबाब, कोर्टाच्या तारखा, आणि ‘तूच धडक दिलीस’ हा संशय. दवाखानेही पोलीस केस म्हटली की हात आखडता घेत. परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेलं प्रकरण अशाच एका स्कूटरस्वाराचं होतं: एका रुग्णालयाने त्याला घेतलं नाही, पोलीस केस घेणाऱ्या दूरच्या रुग्णालयाकडे पाठवलं, आणि तो वाटेत गेला. 1989 च्या निकालाने सांगितलं, की कागद नंतर, जीव आधी. हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. मदत करणाऱ्याला मात्र आणखी वाट पाहावी लागली. त्याला त्रास देऊ नये अशा मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बळ दिलं, आणि मोटार वाहन कायद्यात तसं कलम आलं 2019 मध्ये. म्हणजे ज्यांच्या भरवशावर इथले जखमी इतकी वर्षं तगले, त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते गेल्या दहा वर्षांत.

आता सगळं बदललं आहे, मग जुनं कशाला उगाळायचं, असा आक्षेप येईल. बदल झाला आहे, आणि तो मोठा आहे. 2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिका सुरू झाल्या. त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक सोयींच्या होत्या. परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लोकांच्या दीर्घ मागणीनंतर 2023 मध्ये सुरू झालं. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद झाली. पण 937 पैकी 704 गाड्या मूलभूत सोयींच्याच होत्या, आणि महाविद्यालय सुरू झालं म्हणजे मेंदूची शस्त्रक्रिया रात्री दोन वाजता होऊ लागली असं नसतं. त्यासाठी माणसं, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग घडायला वर्षं लागतात. नांदेडचं 1988 चं महाविद्यालय आज आसपासच्या जिल्ह्यांचा आधार आहे. तो एका दिवसात झालेला नाही. जुनं उगाळायचं ते यासाठी, की रस्ता चौपदरी करण्याचा खर्च आणि त्या रस्त्यावर पडलेल्याला वाचवण्याचा खर्च एकाच अंदाजपत्रकात धरायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. कल्याण–निर्मळ महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून जातो. त्याचा क्रमांक 222 चा 61 झाला, वाहनांचा वेग वाढला, आणि त्याच डांबरावर बैलांची टायरगाडी अजून चालते आहे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. टायरगाडीवाला गरीब, दिवे नाहीत म्हणून त्यालाच दंड करायचा का? मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी ती गाडी कारखान्याचीच असते आणि मजुराला भाड्याने दिलेली असते. ट्रॅक्टरवाल्याचाही कारखान्याशी वाहतुकीचा करार असतो. मग काट्यावर वजन घेताना मागे परावर्तक पट्टी आहे की नाही हे पाहणं कारखान्याला अवघड नाही. दर हंगामात पोलीस आणि परिवहन खातं पट्ट्या चिकटवण्याची मोहीम काढतात, जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात हार-फुलांसह ती होते. पण तोवर गाळप निम्म्यावर आलेलं असतं. ही मोहीम बॉयलर पेटण्याच्या दिवशी व्हायला हवी, आणि पट्टी मोळ्यांनी झाकली जाणार नाही अशा जागी, म्हणजे साट्याच्या कडेला नव्हे तर मागे बांधलेल्या आडव्या दांडीवर हवी.

वाचलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हा या इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर भागातून अशा जोड्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन निघतात. दोघांपैकी एकाची मांडी मोडली की दुसऱ्याला उशाशी बसावं लागतं, आणि कोयताच थांबतो. उचल थांबत नाही. ती पुढच्या हंगामावर चढते. नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणं 1956 च्या दुरुस्तीने आली, पण ट्रॉलीत बसलेला मजूर हा प्रवासी नव्हे, ट्रॅक्टर शेतीकामाचा, असा बचाव विमा कंपन्या तिथे घेत आल्या, आणि बैलगाडीला तर विमाच नसतो. न्यायालयांनी वाट हळूहळू रुंद केली. अपंगत्वाची टक्केवारी डॉक्टरी दाखल्यावर न थांबता त्या माणसाचं नेमकं कोणतं काम गेलं हे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. कोयता चालवणाऱ्याचा पाय आणि टेबलावर लिहिणाऱ्याचा पाय यांतला फरक त्यामुळे हिशोबात आला. 2020 मध्ये, आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकच्या धडकेने कायमची परावलंबी झालेल्या हरियाणातल्या एका मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने तिची शुश्रूषा करणाऱ्यांचा खर्चही आयुष्यभराच्या हिशोबाने धरला. तोच हिशोब परभणीच्या दाव्यांत मांडला जायला हवा: दवाखान्याच्या व्हरांड्यात पथारी टाकून हंगाम काढणाऱ्या बायकोची बुडालेली मजुरी आणि तिच्या नावावर चढलेली उचल, दोन्ही रुपयांत लिहून.