बोळक्यांतला भात

लक्ष्मीपूजन आटोपले की आम्हा मुलांचे डोळे देवापुढच्या बोळक्यांकडे लागत. त्यांतल्या साळीच्या लाह्या अन् बत्तासे संपायला कितीसा वेळ लागणार! खरा मोह होता तो रिकाम्या बोळक्यांचा. दुसऱ्या दिवशी घोटावड्याच्या आमच्या घरामागे तीन दगडांची चूल मांडली जाई आणि भातुकलीचा संसार सुरू होई.

मुळशी हा भाताचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास खाचरे पिवळी झालेली असत. त्यामुळे आमच्या बोळक्यांत मातीचा भात कधी शिजला नाही. आजी मूठभर आंबेमोहोराची कणी निवडून देई आणि देता देता म्हणे, "माझी भातुकली नवव्या वर्षीच संपली रे!" आम्हाला वाटे, तिची खेळणी हरवली असतील.

भातुकलीला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. पण खऱ्या घरातून गेलेल्या वस्तू या खेळात टिकून राहतात. जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ ही मंडळी आज बोटभर उंचीची होऊन पितळी भातुकलीत नांदताना दिसतात.

दुसरा इतिहास मात्र इतका गोड नाही. रमाबाई रानडे 1873 साली लग्न होऊन पुण्यास आल्या, तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना पतीने लिहावाचायला शिकवले. बहुतेकींच्या हाती पळीच आली. खेळातली चूल आणि सासरची चूल यांत चारदोन वर्षांचेच अंतर. शारदा कायदा 1929 साली झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरले. आजीचे लग्न त्याच्या पुष्कळ आधीचे. तिचे ते वाक्य मला कळले तेव्हा ती राहिली नव्हती.

आणि आम्ही मुलगे? आम्ही किल्ला करावा आणि भातुकलीत पाहुणे म्हणून पाटावर बसावे. एकदा मी पळी मागितली, तर सारे अंगण हसले. गंमत अशी, की 1875 साली छापलेले 'सूपशास्त्र' हे मराठी पाकपुस्तक रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले ते 1910 साली. आमच्याकडे लग्नाच्या पंक्तीचा भात रांधायला येई तोही आचारीच. पण हे तेव्हा त्या अंगणाला कोण सांगणार!

गेल्या दिवाळीत माझा नातू किल्ला अर्धा टाकून बोळक्यांपाशी आला. नात गुरगुरली, "तू पाहुणा!" मी म्हणालो, "पाहुणा मी होतो. त्याला पळी दे, आणि तू जरा किल्ल्याचा बुरूज बघ."

भात खालून करपला होता. मी दोनदा मागून घेतला.