खणांचं कपाट आणि न लिहिलेलं नाव

आजच्या विषयात 'कॉमोद' हा शब्द आला आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसायला हरकत नाही. आपल्याकडे 'कमोड' म्हटलं की न्हाणीघराच्या शेजारची ती एकच वस्तू डोळ्यांसमोर येते. फ्रान्समध्ये मात्र कॉमोद म्हणजे खणांचं बुटकं कपाट. शब्दाचा मूळ अर्थ 'सोयीचं'. त्याआधी कपडे पेटाऱ्यात ठेवत. तळातला सदरा हवा असेल तर वरचं सगळं उपसावं लागे. १७०० च्या आसपास हे नवं कपाट रूढ झालं. हवा तो खण ओढा, काम झालं. इंग्रजांनी शब्द उचलला, पुढे तो भांडं लपवलेल्या खुर्चीला लावला आणि इंग्रजीतून तो आपल्या घरात आला. शब्दाचा प्रवास एवढाच. आता मूळ कपाटाकडे वळू.

समजा, असं एक कपाट आपल्यापुढे आहे. अठराव्या शतकाच्या मध्याचं, तीन खणांचं, पुढचा भाग किंचित फुगीर, लाकूड अक्रोडाचं. पॅरिसचं नव्हे, प्रांतातलं. मालक विचारतो, 'हे कुणी केलं?' प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरावर किंमत ठरते. निनावी कपाटाला एक भाव, नामांकित कारागिराच्या कपाटाला त्याच्या कितीतरी पट. म्हणून लिलावाच्या यादीत हळूच लिहिलेलं असतं, 'अमुक यांचे असावे'. आजचं व्याख्यान त्या 'असावे' या शब्दावर आहे.

पॅरिसमध्ये हा प्रश्न थोडा सोपा होता. तिथल्या सुतारांची श्रेणी होती. १७४३ मध्ये तिच्या नियमांत असं आलं की प्रत्येक उस्तादाने आपल्या कामावर नावाचा शिक्का ठोकावा. १७५१ पासून तो नियम नीट लागू झाला आणि १७९१ मध्ये क्रांतीने श्रेण्याच मोडल्या. म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांची गोष्ट. शिवाय नियम पॅरिसचा. ग्रनोब्ल, दिजाँ, बोर्दो इथल्या सुतारांना तो बंधनकारक नव्हता. काहींनी हौसेने किंवा धंद्यासाठी शिक्का मारला, बहुतेकांनी मारला नाही. त्यामुळे आपल्या कपाटावर नाव नाही, यात नवल काहीच नाही.

मग शोधायचं कसं? जाणकार माणूस कपाटाचं तोंड पाहत नाही, आधी खण बाहेर काढून उलटा करतो. खणाच्या तळावरून हात फिरवला की रंध्याच्या उथळ लाटा बोटांना लागतात. करवतीच्या खुणा सरळ असतील तर ठीक. गोलाकार असतील तर ती यांत्रिक चकतीची करवत, म्हणजे काम एकोणिसाव्या शतकातलं किंवा दुरुस्तीचं. कोपऱ्यातले डव्हटेलचे सांधे हाताने कापलेले असले की दात एकसारखे येत नाहीत. वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा हाताने चिरलेला असेल तर तो जाड असतो, यंत्राचा अगदी पातळ. हे झालं काळाबद्दल.

जागेबद्दल लाकूड बोलतं. बोर्दो आणि नाँत या बंदरांत अटलांटिकपलीकडून महॉगनी येई, म्हणून तिथे भरीव महॉगनीची कपाटं झाली. त्याच बंदरांतून गुलामांचा व्यापारही चाले, हे त्या लालसर लाकडाकडे पाहताना विसरू नये. आतल्या प्रदेशात अक्रोड, चेरी ही जवळची झाडं. पॅरिसच्या उत्तम कामात खणांना आतून ओक लावत, डोंगराळ भागात पाइन किंवा फर चाले. दिसणाऱ्या भागाची नक्कल कुणीही करतो. न दिसणाऱ्या भागाला सुतार हाताशी असेल तेच वापरतो.

आपल्या कपाटावर अक्रोडाच्या गाठींचं नक्षीदार लाकूड आहे, आत डोंगरी लाकूड आहे. मग बोट आल्प्सच्या पायथ्याच्या ग्रनोब्लकडे जातं आणि तिथे एक नाव तयारच असतं, आश. फ्रेंचमध्ये आश म्हणजे कुऱ्हाड. लाकडात आयुष्य काढलेल्या घराण्याला आडनाव शोभलं. तोमा आश १६६४ मध्ये तुलूझला जन्मला, ग्रनोब्लला आला, तिथल्या एका सुताराच्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि तिथेच तो स्थिरावला. १७२१ मध्ये त्याला ओर्लेआँच्या ड्यूककडून अधिकृत कारागिराची सनद मिळाली. मुलगा प्येर, नातू झाँ-फ्राँस्वा. तीन पिढ्यांनी डोंगरातल्या झाडांच्या गाठी, मुळं, रंगवलेले लाकडाचे तुकडे यांतून असं काम केलं की प्रांतातलं असूनही ते पॅरिसच्या तोडीचं मानलं जातं. नातू तर खणात छापील चिठ्ठी चिकटवी. नाव, पत्ता, मालाची जाहिरात.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. आपल्या नैयायिकांनी डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवलं. पण त्यांनी हेही बजावलं की उलटं चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या जास्तीच्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. आता पाहा. 'आशच्या कामात अक्रोडाच्या गाठी असतात' हे खरं. म्हणून 'अक्रोडाच्या गाठी आहेत, तेव्हा काम आशचं' हे ठरतं का? तीच झाडं गावातल्या प्रत्येक सुताराला मिळत होती. आशच्या दुकानात शिकून बाहेर पडलेल्यांना तीच नक्षी येत होती. यशस्वी दुकानाची नक्कल शेजारी करतो, हा तर बाजाराचा नियमच.

बरं, शिक्का असला तर प्रश्न मिटला का? तोही नाही. पॅरिसमध्ये दुरुस्ती करणारा उस्ताद आपला शिक्का मारी, दुसऱ्याचं काम विकणाराही मारी. आणि शिक्का म्हणजे शेवटी लोखंडाचा ठसा, तो नवा घडवता येतो. व्हर्सायच्या राजवाड्याने अठराव्या शतकातल्या समजून घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. फसले ते अडाणी नव्हते, त्या विषयातले पंडित होते. नाव सापडलं की डोळे पुढचं पाहणं थांबवतात. नाव ऐकल्यावर आपण पुरावा तपासत नाही, नावाला जुळेल तेवढंच वेचतो.

म्हणून 'असावे' हा शब्द आम्हाला भित्रेपणाचा वाटत नाही. त्याच्या पायऱ्या असतात. पुराव्यानिशी मूळ पत्ता लागलेली चिठ्ठी किंवा नोटरीच्या दप्तरात त्याच कपाटाची नोंद सापडली, तर 'आहे' म्हणावं. सांधे, लाकूड, नक्षी सगळंच एका ज्ञात कामाशी जुळलं, तर 'असावे'. फक्त लाकूड जुळलं, तर 'ग्रनोब्लकडचे' एवढंच म्हणून थांबावं. आपल्या समजलेल्या कपाटाबद्दल आम्ही इथेच थांबू. मालक नाराज होईल, होऊ दे.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. 'आश' हे नावसुद्धा एका माणसाचं नव्हे. दुकानात मजुरीवर काम करणारे कारागीर होते, उमेदवारी करणारी पोरं होती. कुणी खण जोडले, कुणी पापुद्रे चिकटवले, कुणी नुसतं घासलं. तो खण उलटा केल्यावर बोटांना लागणाऱ्या रंध्याच्या लाटा बहुधा त्यांच्यातल्याच कुणाच्या. घाईने मोठं नाव लावलं की खोटं बोलणं होतंच, पण ज्याने खरंच काम केलं त्याच्यासाठी ठेवलेली रिकामी जागाही आपण बुजवतो. 'कारागीर अज्ञात' असं लिहिलं, तर निदान ती जागा त्याच्यासाठी मोकळी राहते.

घरी एखादं जुनं कपाट असेल तर आज खण काढून तळावरून हात फिरवा. नावाचा प्रश्न नंतर. तुमचे काही प्रश्न असतील तर आता घेऊ.