खाद्यरंग, संश्लेषित

अन्नपदार्थांना रंग देण्यासाठी रासायनिक प्रक्रियेने तयार केलेली, बहुधा पाण्यात विरघळणारी रंजके. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये लंडन येथे ॲनिलिनापासून ‘मॉव्ह’ हे जांभळे रंजक बनविले (पहा : डांबर, पर्किन, विल्यम हेन्री). त्यानंतर कापडासाठी निघालेली अनेक रंजके खाद्यपदार्थांतही वापरली जाऊ लागली.

भारतात पाँसो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसीन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू व फास्ट ग्रीन या आठ रंगांना ठरावीक पदार्थांपुरती परवानगी असून सर्वसाधारण मर्यादा किलोग्रॅमला १०० मिग्रॅ. आहे. हळदपुडीत मात्र कोणताही रंग मिसळता येत नाही.

मेटॅनिल यलो हे ॲझो वर्गातील रंजक (पहा : ॲझो संयुगे) कापड व कातड्यासाठी असून अन्नात निषिद्ध आहे; तरीही हळद, डाळी व मिठाईतील भेसळीत ते आढळते. उंदरांवरील प्रयोगांत त्याचा चेतातंत्रावर अनिष्ट परिणाम दिसला आहे. हळदीच्या पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लाचे थेंब टाकल्यास येणारा गुलाबी रंग पुरेसे पाणी घातल्यावरही टिकला, तर हे रंजक असल्याचे समजतात. शुद्ध हळदीतही अम्लाने तांबूस छटा येते, पण ती पाण्याने जाते. घाईच्या चाचणीत हा भेद निसटतो (पहा : अन्नभेसळ).

अनुमत रंगांपैकी टार्ट्राझिनाने काही व्यक्तींच्या अंगावर पित्त उठते. टार्ट्राझिन, सनसेट यलो, पाँसो ४आर व कार्मोइसिन असलेल्या बहुतेक पदार्थांच्या वेष्टनावर मुलांच्या वर्तनावर व एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकत असल्याची सूचना छापणे यूरोपीय संघात २०१० पासून बंधनकारक आहे.