सहा पडल्याशिवाय घराबाहेर नाही

लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या प्रश्नाचा निकाल आमच्या घरात दर रविवारी दुपारी लागत असे. जिंकलेल्याच्या मते तो कौशल्याचा, हरलेल्यांच्या मते नशिबाचा, आणि जो सगळ्यांत शेवटी राही त्याच्या मते लबाडीचा. इतक्या घरगुती प्रश्नासाठी कुणी कोर्टाची पायरी चढेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण माणसं चढली. आणि पायरी तरी कुठली, तर आमच्या गिरगावच्याच कोर्टाची!

झालं असं, की मोबाइलवर पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध एका गृहस्थांनी तक्रार केली. चौघांनी पाच-पाच रुपये लावायचे, जिंकेल त्याला सतरा मिळायचे, आणि उरलेले तीन कंपनीच्या खिशात. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो हात लावत नाही. तेव्हा सगळं घोडं त्या एका शब्दावर अडलं. गिरगावच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सांगितलं, लुडो कौशल्याचा खेळ आहे. तक्रारदार २०२१ साली हायकोर्टात गेले. म्हणजे जो वाद आमच्याकडे चहा येईपर्यंत मिटायचा, त्यासाठी आता काळे कोट घालून माणसं उभी राहिली.

वास्तविक हा वाद कैलासावरचा आहे. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत. खाली गणांनी नंदीभोवती धुमाकूळ घातलाय. घरात पट मांडला की पोरं गप्प बसत नाहीत, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. पुराणांतल्या कथांमध्ये या डावात बहुतेक वेळा भोलेनाथच हरतात आणि अंगावरचं सगळं घालवून बसतात. पार्वतीमाईंच्या मते ते कौशल्य असणार. शंकरांचं मत काय असेल ते कुठल्याही विवाहित पुरुषानं सांगावं.

या सारीपाटाचा पट कापडाचा असे. अधिकच्या खुणेसारखा आकार, चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे एकूण ९६ घरं. सोंगट्या सोळा. दान पाडायला कवड्या नाहीतर लांबट फासे. खेळ संपला की पट गुंडाळून फडताळात टाकायचा. चाळीतल्या खोलीत याहून शहाणं सामान दुसरं नाही. आपल्या भाषेवर तर या पटाचं केवढं ऋण! आपले फासे उलटे पडतात, आपण दुसऱ्याच्या हातातली सोंगटी होतो. ‘पौबारा’ हे मुळात सारीपाटातलं दान. हल्ली मात्र पोबारा फक्त चोर करतात.

पण सारीपाटातली खरी गंमत भिडूत होती. समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. स्वतःची सोंगटी अडवून भिडूची पुढे काढायची, त्याला डोळ्यांनी खुणा करायच्या, आणि हरलो तर दोष कुणाला द्यायचा हे आधीच ठरलेलं. साहेबानं हा पट पाहिला आणि तो सुटसुटीत करायला घेतला. कवड्या काढून एक फासा ठेवला, तोही हातानं न टाकता डबीत खुळखुळवून टाकायचा, म्हणजे हाताच्या करामती बंद. भिडू काढून टाकला. १८९६ साली इंग्लंडात पेटंट घेऊन त्याचं नाव ठेवलं ‘लुडो’. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘मी खेळतो’. गोम नावातच आहे. आपल्याकडे आम्ही खेळत होतो; तिकडून परत आला तो ‘मी’ खेळायला लागला.

त्याच दशकात सापशिडीही विलायतेची वारी करून आली. तिचा मूळ अवतार म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वर माउलींनी काढला असं आपल्याकडे परंपरेनं सांगतात. पुराव्याची बाजू जरा लंगडी आहे, पण आपण माउलींकडे पुरावा मागत नाही. त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप, आणि शेवटच्या घरात मोक्ष. पुढे पटावरून मोक्ष गेला आणि शंभर हा आकडा राहिला. मग एकाच पुठ्ठ्याच्या एका अंगाला लुडो आणि दुसऱ्या अंगाला सापशिडी छापून ते घरोघर आले. पुठ्ठा मधल्या घडीवर फाटायचा. तो चिकटपट्टीनं जोडला की एका बाजूला लाल सोंगटीचं घर लंगडं व्हायचं आणि दुसऱ्या बाजूला एखादा साप निर्दोष सुटायचा.

बुद्धिबळाचं मात्र घरांत कधी फारसं जमलं नाही. त्यात नशिबाला बोल लावायची सोयच नाही. अपवाद गिरगावातल्या खाडिलकरांच्या घरचा. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी १९७४ पासूनची पहिली दहा वर्षं महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्या घरात ‘माझं नशीबच फुटकं’ हे वाक्य कुणी ऐकून घेतलं असेल असं वाटत नाही. बाकीच्या घरांना फासाच बरा.

हा फासाही अखेर काचेआड गेला. २०१६ साली नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीनं मोबाइलवर ‘लुडो किंग’ आणला, आणि दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय खेळ ठरला. म्हणजे इथून निघालेली सोंगटी विलायतेला वळसा घालून, खाडीपलीकडे का होईना, घरी पोचली. मग आला २०२० चा मार्च. २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद. आई आणि मी गिरगावात, धाकटा भाऊ डोंबिवलीला, ताई बोरिवलीला. दादरला गाडी बदलली की तासा-दीड तासात भेटणारी माणसं एकदम परदेशी गेल्यासारखी झाली. सहा पडल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, हा लुडोचा नियम सरकारनं अख्ख्या देशाला लावला, आणि फासा मात्र कुणाच्याच हातात दिला नाही.

रोज रात्री नऊला आमचा डाव सुरू झाला. एका फोनवर पट, दुसऱ्यावर बडबड. पहिल्याच दिवशी कळलं की यंत्राला माणसांची रीतभात नाही. फासा खाटेखाली जात नाही. तिरका उभा राहत नाही. ‘हात लागला, पुन्हा टाक’ नाही. रडीचा डाव चालतच नाही. ‘फासा आधीपासून ठरवलेला असतो,’ असं भावाचं मत पडलं. तो शेवटी राहिला होता.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदाच केला, की पैसे लावून ऑनलाइन खेळ नको, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. पैशापुरता प्रश्न मिटला. पण बिनपैशांच्या लुडोचं काय, हा मूळ प्रश्न राहिलाच. त्यावर माझ्याकडे एक साक्षीदार आहे. माझी आई, वय वर्षं ८२.

पुठ्ठ्याच्या काळात नातवंडांना जिंकवायचं काम आई पदराच्या टोकानं करी. पदर सहज लागायचा आणि पाचाचे सहा व्हायचे. मोबाइलला पदर लावून काही होत नाही. पहिले तीन दिवस भावाची सात वर्षांची लेक सारखी हरली. तिसऱ्या रात्री ती इतकी रडली, की फोन बंद करावा लागला. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, खाली खेळायला जाणं नाही, आणि त्यात हेही.

चौथ्या दिवसापासून आई हरायला लागली. मी शेजारी बसून पाहत होतो. घरापासून दोन पावलांवर सोंगटी, दान दोनच पडलेलं. आई ती सोडून मागची हलवायची. नातीची सोंगटी अगदी तोंडाशी. आई चष्मा पुसत दुसरीकडेच बोट टेकवायची. बरं, संशय यायला नको म्हणून मध्येच एकदा नातीची एक सोंगटी निर्दयपणे मारायचीही. फासा यंत्राचा होता, पण कुठली सोंगटी हलवायची हे अजून माणसाच्या हातात होतं. आणि तेवढ्या भांडवलावर ती रोज रात्री न चुकता, काठावर, चुरशीनं हरत होती. लुडो निव्वळ नशिबाचा खेळ असता तर हे तिला साधलंच नसतं. गिरगावच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांचं बरोबर होतं.

सातव्या रात्री डोंबिवलीहून विजयी आरोळी आली. ‘आजी, मला खेळता येतं म्हणून मी जिंकते. तुझं नशीबच वाईट!’

‘हो गं बाई,’ आई म्हणाली, ‘एक सहा पडेल तर शपथ.’ आणि तिनं चष्मा काढून डबीत ठेवला.