शोधयंत्रें आणि दारावरची पाटी

संकेतस्थळ नीट चालतें, परंतु शोधयंत्राच्या यादींत तें सांपडत नाहीं, या तक्रारीचें मूळ कित्येकदां ‘रोबॉट्स’ नांवाच्या लहानशा फाइलींत असतें. १९९४ सालीं मार्टाइन कॉस्टर यांनीं ही योजना सुचविली. पानें वाचीत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम तेव्हां इतक्या भराभर पानें मागत कीं, दुर्बळ सर्व्हर टेकीस येत. म्हणून मालकानें ‘येथें येऊं नये’ असें लिहावें व आगंतुकानें तें आपण होऊन पाळावें, असें ठरलें. सारा मामला भिडेचा!

या फाइलींत ‘डिसअलाउ’ या शब्दापुढें नुसती एक तिरपी रेघ असली, तर साऱ्या स्थळाचें दार बंद होतें. बांधकामाच्या वेळीं घातलेली ती रेघ पुढें पुसावयाची राहून जाते. दुसरी चूक याहून फसवी. पान यादींतून वगळण्याची ‘नोइंडेक्स’ ही खूण बहुधा पानांतच असते. वाटच अडविली तर ती वाचणार कोण? मग इतर स्थळांवरील दुव्यांवरून पानाचा नुसता पत्ता यादींत राहूं शकतो. म्हणून आधीं वाट मोकळी करून खूण वाचूं द्यावी. २८ वर्षांनीं, सप्टेंबर २०२२ मध्यें, हे नियम आरएफसी ९३०९ या दस्तऐवजांत रीतसर नोंदले गेले. प्रवेशाचा अधिकार त्यांनीं ठरत नाहीं, हेंही तेथें स्पष्ट लिहिलें आहे.