फर्श, फरशी आणि फत्तर

माझ्या झोपायच्या खोलीत जुनी शहाबादी आहे. तिच्यावर मी लक्झरी व्हिनाइल टाइल बसवून घेतली. सागवानी रंगाच्या, हातभर लांब पट्ट्या. दुकानाची माणसं सकाळी आली, झाडून घेतलं, गोंद पसरला आणि दुपारी चारपर्यंत खोली तयार झाली. दीड महिन्याने एका संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आत आलं आणि सागवानाच्या रेषांखाली मला चौकोन दिसले. शहाबादीचे सांधे वर उमटले होते, पातळ चादरीखाली बाजेच्या पट्ट्या उमटतात तसे. बाल्कनीच्या दाराशी दोन पट्ट्यांच्या कडाही उचलल्या होत्या.

ते काढून पुन्हा करायला जे कारागीर आले, त्यांनी आयुष्यभर ऑफिसांमध्ये गालिचे घातले होते. वय सत्तरीच्या आसपास, म्हणून मी त्यांना चाचा म्हणू लागले. ते गुडघ्यांवर बसले, एका सांध्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "ताई, गोंद चांगलाच होता. त्या पोरांनी ही फरशी समजून बसवली. हा फर्श आहे. फर्श अंथरायचा असतो."

अंथरायचा! मराठीत फरशी आपण बसवतो किंवा घालतो. अंथरतो ती सतरंजी. मी त्या क्रियापदाच्या मागे लागले आणि ते मला जिथे घेऊन गेलं, त्याचीच ही गोष्ट.

अरबीत फ-र-श ही तीन अक्षरं पसरण्याची, अंथरण्याची आहेत. फारसीत फर्श म्हणजे आजही गालिचा. गालिचे अंथरणारा, तंबू ठोकणारा, दिवाबत्ती बघणारा नोकर म्हणजे फर्राश. मराठीत त्याचा फरास झाला आणि फरास हे आडनाव आपल्याकडे आजही आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत तोफखाना, जामदारखाना, पीलखाना यांच्या पंगतीत फरासखाना होता. तंबू, कनाती, जाजमं, गालिचे सगळं तिथे. पुण्यात बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीजवळून जाताना फरासखाना पोलीस ठाण्याची पाटी मी शेकडो वेळा वाचली असेल, पण त्या नावातला फरास आणि माझ्या पायाखालची फरशी एकाच घरातले आहेत हे कधी मनात आलं नव्हतं. फर्शी हुक्का म्हणजे बैठकीवर, जमिनीवर ठेवायचा हुक्का. फर्शी सलाम म्हणजे हात पार बैठकीला टेकेल इतकं वाकून केलेला मुजरा. दोन्हीकडे फर्श म्हणजे पायाखाली अंथरलेलं काहीतरी. दगडाचा संबंध नाही.

मग हा मऊ शब्द मराठीत टणक कसा झाला? माझ्या मते दुवा आहे 'फरसबंदी' या शब्दात. अंगण फरसबंदी, घाट फरसबंदी, चौक फरसबंदी. ज्या अंगणात रोज गालिचा टाकता येत नाही, तिथे दगडांचा गालिचा कायमचा बांधून टाकला, ही ती कल्पना. बंदी गळाली, फरस उरला आणि आपल्या भाषेने सवयीप्रमाणे त्याला ईकार लावून एक तुकडा वेगळा केला: फरशी. हिंदीत फर्श म्हणजे अख्खी जमीनच राहिली. तिथे 'एक फर्श, दोन फर्श' असं मोजत नाहीत. मराठीत मात्र 'चार फरशा तडकल्या' हे रोजचं वाक्य आहे. भीमा खोऱ्यातला चुनखडीचा दगडही या कल्पनेला साथ देणारा. शहाबादचा दगड थराथरांचा असतो, छिन्नी नेमकी लागली की पोळीसारखा पदर सुटतो. दगडाला पदर असतो असं म्हणणाऱ्या मुलखात गालिच्याचं नाव दगडाला मिळालं याचं मला नवल वाटत नाही.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला लगेच निकालात निघतो. फरशी म्हणजे कुऱ्हाडही. ती परशूपासून आलेली. दिसायला एक, कुळ वेगळं. दगड फोडतात म्हणून फरशी, असं सांगणारे भेटतात, पण दगड फोडायला कोणी कुऱ्हाड घेत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी तगडा आहे. संस्कृतात 'प्रस्तर' म्हणजे दगड. मग फरशी घरचीच, फारसीच्या दारात कशाला जायचं? हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होते. उत्तर उच्चारांत मिळालं. संस्कृतातला 'स्त' मराठीत येताना 'त' किंवा 'थ' होतो. हस्तचा हात, मस्तकाचा माथा, स्तनाचं थान. त्याच वाटेने प्रस्तरचा पाथर झाला, फत्तर झाला. या वाटेने 'रश' हा उच्चार निघू शकत नाही. तो सरळ फर्शमधूनच उतरला आहे. प्रस्तर हरला.

पण हरता हरता प्रस्तरने माझीच बाजू भक्कम केली. प्रस्तर शब्दाचा मूळ अर्थ दगड नाहीच! धातू आहे स्तृ, म्हणजे पसरणे. प्रस्तर म्हणजे जे पुढे पसरलं ते. यज्ञात वेदीवर अंथरायची दर्भाची जुडी हा प्रस्तर. पाना-फुलांची शय्या हा प्रस्तर. मग सपाट जागा, आणि सगळ्यात शेवटी दगड. मराठीने या एकाच शब्दाची दोन्ही टोकं जपली आहेत. टणक टोक म्हणजे फत्तर. मऊ टोक म्हणजे पथारी. फुटपाथवर पथारी पसरून बसलेला विक्रेता आणि त्याच्या पाठीमागचा फत्तर हे सख्खे भाऊ आहेत. त्याच स्तृ धातूचं आस्तरण, आणि आस्तरणापासून आपलं अंथरूण. चाचांचं 'अंथरायचा' हे क्रियापदही याच घरचं.

म्हणजे पसरण्यापासून दगडापर्यंतचा प्रवास आपल्या भाषेत दोन वेगवेगळ्या कुळांच्या शब्दांनी, एकमेकांना न विचारता केला. एकदा प्रस्तरने, एकदा फर्शने. लॅटिनमध्ये तिसऱ्यांदा हेच झालं: स्टेर्नेरे म्हणजे पसरणे, त्यावरून दगड घातलेला रस्ता तो 'व्हिया स्ट्राटा', आणि त्या स्ट्राटापासून इंग्रजी स्ट्रीट. हा स्टेर्नेरे आपल्या स्तृ धातूचाच नातलग. हे तीन दाखले एकत्र ठेवल्यावर माझी खात्री पटली की माणसाला पायाखालचा दगड आधी अंथरूण म्हणूनच सुचला.

मुंबई-कोकणातली 'लादी' इथे टाळता येत नाही. पोर्तुगीजमध्ये टाइलला लाद्रील्यु म्हणतात, म्हणून लादी पोर्तुगीजांकडून आली असं सांगायचा मोह होतो. मला ते पटत नाही. पाद्रेचा आपण पाद्री केला, र कुठे टाकला नाही. लाद्रील्यु आलाच असता तर लाद्री झाली असती. लादी लादण्यातून आली असावी, दगडावर दगड लादण्यातून. 'टाइल' मात्र लॅटिन तेगुलापासून. तो शब्द कौलाचा. तेगेरे म्हणजे झाकणे. छपरावरून जमिनीवर उतरला तरी झाकायचं काम त्याने सोडलं नाही.

आता व्हिनाइल. याच्या ठळक पायऱ्या एका दमात सांगते, कारण त्या सगळीकडे सापडतात. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने जवसाच्या तेलाची घट्ट झालेली साय कापडी पाठीवर चढवून लिनोलियम केलं. लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा उपाय शोधत होता आणि ताठर, निरुपयोगी समजल्या गेलेल्या पीव्हीसीला, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडला, त्याने मऊ केलं. १९३३च्या शिकागोच्या प्रदर्शनात व्हिनाइलची फरशी लोकांसमोर आली. लक्झरी हा शब्द व्यापाऱ्यांनी नंतर जोडला, साध्या व्हिनाइल टाइलपासून ही जाड, छापील टाइल वेगळी दाखवायला.

नावाची गंमत मात्र मोठी आहे. १८५१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान कोल्बे याने व्हिनाइल हा शब्द घडवला. पुढचा भाग लॅटिन व्हिनम, म्हणजे द्राक्षाची दारू. कारण हा रेणूगट ज्या इथिलीनशी जोडलेला, ते मद्यार्कापासून मिळे. मागचा 'इल' आला ग्रीक हुले या शब्दातून. तो लिबिग आणि व्होलर या जोडीने १८३२मध्ये रसायनशास्त्रात आणला. हुले म्हणजे द्रव्य. पण ॲरिस्टॉटलने तो तत्त्वज्ञानात नेण्याआधी हुले म्हणजे रान, लाकूड. व्हिनाइल शब्दाची फोड करा: दारू आणि लाकूड. ज्या वस्तूवर आज सागवान, ओक, अक्रोडाच्या रेषा छापतात, तिच्या नावात लाकूड पावणेदोनशे वर्षांपासून बसून आहे.

वस्तूत मात्र ना दारू, ना लाकूड. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो, तो मिठापासून येतो. उरलेला भाग खनिज तेल किंवा वायूपासून. टाइलची आडवी कड भिंगाखाली पाहिली तर थर दिसतात. तळाला पाठ, वर गाभा, त्यावर कागदासारखी छापील फिल्म, तिच्यावर पारदर्शक झिजथर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा हात. घरासाठी झिजथर ०.३ मिलिमीटर चालतो, दुकान-ऑफिसात ०.५५ घेतात. टाइल किती जाड यापेक्षा हा आकडा विचारून घ्यावा. टिकाऊपणा इथे आहे. आणि गाभा? त्यात पीव्हीसीबरोबर चुनखडीची पूड कालवलेली असते. शहाबादी ज्या चुनखडीची, तीच जात. माझ्या खोलीत दगडावर दगडच अंथरला होता, फक्त पीठ करून.

म्हणूनच चाचांचं म्हणणं मला शब्दशः पटतं. दगडी फरशी स्वतः ताठ असते. खालचा उंचसखलपणा मसाला गिळतो आणि फरशी पाणसळीत बसते. व्हिनाइलला स्वतःचा आकार नाही. ती खालच्या जमिनीचा आकार घेते. अंथरुणाखालचा खडा पाठीला टोचतो, तसा तिच्याखालचा वाळूचा कणही वर दिसतो. यावर एक हरकत येते. क्लिक लॉकच्या एसपीसी (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट) पट्ट्यांत चुनखडी जास्त, त्या ताठ असतात, त्यांना फरशी का म्हणू नये? कारण त्या जमिनीला चिकटतच नाहीत. एकमेकींत अडकून मोकळ्या पडलेल्या असतात, उन्हाने फुलतात, थंडीने आकसतात. म्हणून भिंतीशी ६ ते १० मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली लपवायची असते. त्यांच्यावर ओट्याचं कपाट स्क्रूने आवळलं की फुगायला जागा राहत नाही आणि सांधे उघडतात. हाही अंथरलेलाच फर्श.

चाचांनी माझी खोली चार दिवस घेतली. पहिल्या दिवशी सगळ्या पेट्या आत आणून आडव्या ठेवल्या: ४८ तास खोलीची हवा लागू दे. तोवर शहाबादीचे सांधे खरवडून भरले, सेल्फ लेव्हलिंगचा पातळ थर ओतला आणि तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी-तिरपी फिरवत राहिले. पट्टीखाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसायला नको, हा त्यांचा हिशेब. बाल्कनीच्या दाराशी त्यांनी पॉलिथीनचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतून दव जमलं होतं. कडा का उचलल्या ते कळलं. गवंड्याला बोलावून उंबऱ्याची भेग बुजवली, जमीन सुकू दिली, पुन्हा पॉलिथीन लावलं. कोरडं निघालं तेव्हाच पुढचं काम.

मग खोलीच्या मध्यावर दोरी मारली. भिंतीपासून सुरुवात नाही, कारण जुन्या घराची एकही भिंत सरळ नसते. दातेरी पत्र्याने गोंद ओढला आणि ते थांबले. चहा घेतला. मधूनमधून बोट लावून बघत होते. गोंद बोटाला चिकटायला हवा पण बोटावर यायला नको. दुकानाच्या माणसांनी ओल्या गोंदावर पट्ट्या टाकल्या होत्या, हे मला तेव्हा उमगलं. प्रत्येक ओळीतला सांधा आधीच्या ओळीपासून वीतभर सरकवत त्यांनी पट्ट्या घातल्या आणि शेवटी ४५ किलोचा रूळ दोन्ही दिशांनी फिरवला. त्या रुळाचा आवाज माझ्या कानात आहे. खाली पोकळ असेल तिथे तो बदलतो. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

जाताना दोन सूचना दिल्या. पाय पुसायला रबराची पायपुसणी नको, रबराने व्हिनाइलवर पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. आणि उरलेल्या पाच पट्ट्या कपाटामागे उभ्या ठेवायच्या नाहीत. उभी ठेवली की पट्टी वाकते आणि मग तशीच राहते. त्या आता पलंगाखाली आडव्या पडल्या आहेत, जुन्या सतरंजीत गुंडाळून.